युद्धाची गोष्ट आणि मुलांचे दोन प्रश्न : साने गुरुजींच्या खानदेशातील कार्यासंबंधी एक विचार

१

मुलांशी युद्धाविषयी बोलावे किंवा न बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शिक्षणशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा आणि भाषेचाही प्रश्न आहे. युद्धाची वार्ता मुलांपर्यंत पोहोचल्यावाचून राहत नाही. वडीलधाऱ्यांच्या दबक्या आवाजातील बोलण्यातून, बाजारातील महागाईतून, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून ती पूर्वी येत असे. आज ती हातातील लहानशा पडद्यावरूनही येते. तेव्हा मौन पाळण्याची मुभा वडील माणसांस फारशी नसते. कोणत्या शब्दांत बोलावयाचे, एवढीच निवड त्यांच्या हाती उरते.

या निवडीच्या दृष्टीने मराठी भाषेचे दोन विशेष ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला विशेष सर्वनामांचा. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. 'आम्ही' या सर्वनामात ऐकणाऱ्याचा समावेश होत नाही. 'आपण' या सर्वनामात तो होतो. 'आम्ही लढाई जिंकली' असे सैनिक सांगतो, तेव्हा ऐकणारे मूल श्रोता राहते. 'आपण लढाई जिंकली' असे घरातील वडील सांगतात, तेव्हा ते मूल त्या लढाईतील एक पक्ष होते आणि त्याची संमती मात्र कोणी विचारलेली नसते. 'आपले' आणि 'परके' ही विभागणी अशा रीतीने युद्धाची माहिती मिळण्यापूर्वीच मुलाच्या मनात झालेली असते.

दुसरा विशेष क्रियापदांचा. पेटणे आणि पेटविणे, भडकणे आणि भडकविणे, मरणे आणि मारणे, अशी जोडक्रियापदे मराठीत विपुल आहेत. युद्धाच्या वृत्तांतात त्यांपैकी अकर्मक रूपाची योजना अधिक आढळते. 'युद्ध पेटले', 'दंगल उसळली', 'गोळीबार झाला', 'माणसे मेली' ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष व परिपूर्ण आहेत. परंतु त्यांत करणाऱ्याची जागा रिकामी आहे. वणवा लागावा किंवा नदीस पूर यावा, तसे युद्ध आपोआप घडल्याचा भास त्यांतून होतो. प्रौढ वाचकास ही रिकामी जागा सवयीने दिसेनाशी होते. मुलास ती दिसते व ते विचारते : 'कोणी?'

'आपले कोण?' आणि 'हे कोणी केले?' हे दोन प्रश्न युद्धासंबंधीच्या प्रत्येक संभाषणाच्या मुळाशी असतात. खानदेशात १९२४ ते १९५० या कालखंडात मुलांशी बोलण्याची जी एक परंपरा पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, यांच्या निमित्ताने उदयास आली, तिने या दोन प्रश्नांस कोणती उत्तरे दिली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. येथे खानदेश म्हणजे १९०६ साली विभागलेले पूर्व व पश्चिम खानदेश हे दोन जिल्हे होत. १९६० नंतर ते अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. पश्चिम खानदेशात मोडणारा नंदुरबारचा भाग १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला.

२

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनाच्या निमित्ताने ते खानदेशात आले आणि १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे विद्यार्थ्यांच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेण्यासाठी त्यांनी शाळा सोडली. म्हणजे शिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द अवघी सहा वर्षांची. तरीही त्यांच्या पुढील सर्व लेखनाचा घाट या सहा वर्षांत तयार झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्या वर्गापुढे ते उभे राहिले, तो भाषेच्या दृष्टीने एकजिनसी नव्हता. खानदेशातील मुलांच्या घरी अहिराणी होती, लेवा बोली होती, व्यापारी कुटुंबांत गुजराती होती, सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ली बोली होत्या, मुसलमान वस्तीत उर्दू होती. आईला 'माय' म्हणणाऱ्या या मुलांना 'आई' हा शब्दसुद्धा काही अंशी पुस्तकातून आलेला होता. अशा वर्गात संस्कृतप्रचुर मराठी बोलणारा शिक्षक विद्वान ठरला असता. परंतु त्याचे बोलणे मुलांच्या घरापर्यंत पोहोचले नसते. गुरुजींच्या गद्यातील आखूड वाक्ये, संबोधनांची रेलचेल, समासांचा अभाव आणि नात्याच्या शब्दांचा सततचा वापर हे विशेष त्यांच्या स्वभावातून आले, हे खरेच. अशा मिश्र श्रोतृवर्गाने ते अधिक दृढ केले असावेत, असे अनुमान करण्यासही जागा आहे.

छात्रालयात गुरुजी 'छात्रालय दैनिक' या नावाचे हस्तलिखित काढीत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. यांपैकी पहिल्या उपक्रमाचे स्वरूप विशेष विचारार्ह आहे. हाताने लिहिलेले, एकाच वास्तूत वाचले जाणारे हे दैनिक होते. छापील वर्तमानपत्राचा लेखक वाचकास अदृश्य असतो. त्याने 'लढाई जुंपली' असे लिहिले, तर 'कोणी जुंपली?' असे त्यास विचारण्याची सोय नसते. छात्रालयाच्या दैनिकाचा लेखक मात्र त्याच दिवशी जेवणाच्या पंगतीत, वर्गात किंवा मुलांच्या खोल्या झाडताना वाचकांसमोर उभा असे. लिहिलेल्या शब्दाचा जाब विचारता येणे, ही मुलांशी जगाविषयी बोलण्याची पहिली अट आहे आणि या हस्तलिखिताच्या स्वरूपात ती आपोआप पूर्ण होत होती.

याच काळात युरोपातही मुले व युद्ध यांच्या संबंधाचा विचार नव्याने चालला होता. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने गांजलेल्या मुलांसाठी इंग्लंडमध्ये एग्लंटाइन जेब या बाईंनी कार्य आरंभिले. त्यांनी तयार केलेला बालहक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने सप्टेंबर १९२४ मध्ये जिनीव्हा येथे स्वीकारला. संकटकाळी मदत प्रथम मुलास मिळावी, हे त्यातील एक कलम. पुढील वर्षी राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य समितीने शालेय पाठ्यपुस्तकांतील परराष्ट्रद्वेषाचे उतारे शोधून काढण्याविषयीचा ठराव केला. तो कासारेस ठराव या नावाने ओळखला जातो. या दोन्ही प्रयत्नांचे महत्त्व मोठे आहे. तथापि त्यांत मूल हे अन्न घेणारे अथवा पाठ वाचणारे होते. प्रश्न विचारणारे मूल अद्याप त्यांच्या दृष्टिपथात आले नव्हते. जिनीव्हाचा जाहीरनामा आणि अमळनेरच्या वर्गातील गुरुजींचा पहिला दिवस हे एकाच वर्षातले असावेत, हा केवळ योगायोग होय; परंतु या दोहोंतील अंतर अभ्यासकाने नोंदवून ठेवावे असे आहे.

३

'आपले कोण?' या प्रश्नाचा तात्त्विक ऊहापोह खानदेशात झाला तो शाळेत नव्हे, धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ च्या चळवळीत विनोबा भावे, जमनालाल बजाज व साने गुरुजी हे एकाच वेळी तेथे बंदिवासात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या अवधीत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर एक, अशी अठरा प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली आणि 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. मुलांचा एक शिक्षक रणांगणावर सांगितलेल्या ग्रंथाचे निरूपण शब्दशः टिपीत आहे, ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

पहिल्याच प्रवचनात विनोबांनी अर्जुनाच्या विषादाची चिकित्सा केली आहे. अर्जुन युद्धास नकार देतो तो अहिंसेमुळे, ही समजूत त्यांनी नाकारली. त्यासाठी त्यांनी एका न्यायाधीशाचा दृष्टांत दिला. शेकडो अपराध्यांना फाशीची शिक्षा देणाऱ्या या न्यायाधीशापुढे एके दिवशी त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपावरून उभा राहतो. तेव्हा फाशीची शिक्षा किती अमानुष आहे, यावर न्यायाधीश बोलू लागतो. ते बोलणे ज्ञानातून आलेले नसते. ते ममत्वातून आलेले असते. अर्जुनाचेही तसेच. समोर स्वजन दिसले म्हणून त्याचे धनुष्य गळाले. परके असते तर ते गळाले नसते.

या दृष्टांतापासून दोन दिशांना जाता येते. ममत्व हा मोह आहे, तो टाकावा, ही एक दिशा. गीतेच्या निरूपणाची ती स्वाभाविक दिशा होय. दुसरी दिशा अशी, की ममत्व जर हात थांबवू शकते, तर त्याचे क्षेत्र वाढवीत न्यावे. ज्याला आज परका म्हणतो त्याला उद्या स्वजन म्हणता येईल इतके ते वाढवावे. मुलांसाठी लिहिणाऱ्या साने गुरुजींनी ही दुसरी दिशा स्वीकारलेली दिसते. तसे त्यांनी कोठे सूत्ररूपाने मांडले आहे, असा दावा येथे नाही. त्यांच्या शब्दयोजनेवरून आणि कार्यावरून काढलेला हा निष्कर्ष आहे. १९३० मध्ये त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना त्यांनी दाक्षिणात्य सहबंदींच्या सहवासात तमिळ भाषेचा अभ्यास केला आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणले. त्यांच्या मनातील 'आंतरभारती'ची कल्पना याच अनुभवातून वाढली. भिन्न भाषा बोलणारा माणूस परका नव्हे, हे आधी स्वतः शिकून मग मुलांना सांगण्याची ही रीत होती.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकात युद्ध नाही. परंतु त्याची रचना येथे उपयुक्त ठरते. पुस्तकातील प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर सोबती जमतात, श्याम सांगतो आणि बाकीचे ऐकतात. एका बैठकीत सारे सांगून टाकावयाचे नाही. एका रात्री एक प्रसंग, तोही घरातला. मोठ्या गोष्टीकडे जाण्याची वाट लहान व जवळच्या गोष्टीतून काढावयाची, हे या रचनेचे तत्त्व आहे.

४

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन होय. ते यशस्वी व्हावे म्हणून गुरुजींनी जिल्ह्यात परिश्रम घेतले. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. स्पेनमध्ये त्या वर्षी सुरू झालेले यादवी युद्ध व फॅसिझमचा युरोपातील विस्तार यांचा परामर्श त्यांनी आपल्या भाषणात घेतला. केळी व कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात स्पेनचे नाव अशा रीतीने उच्चारले गेले.

नेहरूंचा येथे आणखी एका कारणासाठी उल्लेख आवश्यक आहे. १९३० ते १९३३ या काळात निरनिराळ्या तुरुंगांतून त्यांनी आपल्या कन्येस जगाच्या इतिहासावर पत्रे लिहिली. ती १९३४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धाची कारणे, त्यामागील साम्राज्यांची स्पर्धा, शस्त्रास्त्रांचे कारखानदार यांविषयी त्यांत स्पष्ट विवेचन आहे. म्हणजे 'हे कोणी केले?' या प्रश्नाचे उत्तर नेहरूंनी किशोरवयीन मुलीस नावानिशी दिले. त्यांची पद्धती कारणांची होती; गुरुजींची नात्यांची. दोघांचीही लेखनसामग्री तुरुंगातील एकांतात सिद्ध झाली, हे साम्य लक्षणीय आहे.

गुरुजींच्या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा ही दोन्ही त्यांनी मुलांसाठी निवडलेल्या एका कथेच्या आधारे पाहता येतात. 'गोड गोष्टी' या मालेत त्यांनी जगातील नामांकित साहित्यकृती मुलांसाठी मराठीत आणल्या. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून 'दुःखी' झाले, जॉर्ज एलियटच्या कादंबरीवरून 'मनूबाबा' झाले, आणि त्याच मालेत 'सोराब आणि रुस्तुम' ही कथा आली. दोन सैन्ये समोरासमोर उभी असतात. एकेका बाजूचा एकेक वीर द्वंद्वास निघतो. वडील वीर तरुणास ठार करतो आणि मरणाऱ्याच्या अंगावरील खुणेवरून तो आपलाच मुलगा असल्याचे त्यास कळते. युद्धात परका म्हणून मारलेला माणूस कोणाचा तरी मुलगा असतो, हे मुलास समजावयास या कथेइतके समर्थ साधन क्वचितच सापडेल. 'आपले कोण?' या प्रश्नास तिने दिलेले उत्तर असे, की ओळख पटण्यापूर्वी ते कोणासच सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे काय? इंग्रजी वाचणाऱ्या वर्गास ही कथा मॅथ्यू अर्नोल्डच्या काव्यामुळे परिचित झाली. त्याच्या काव्यात दोष दैवाकडे जातो. बापलेक दैवाच्या हातची बाहुली ठरतात. फिर्दौसीच्या 'शाहनाम्या'त मात्र गोष्ट वेगळी आहे. तेथे तूराणचा राजा अफ्रासियाब दोघांची ओळख पटू नये म्हणून हेतुपुरस्सर व्यवस्था करतो, कारण दोन्ही वीरांचा नाश त्यास हवा असतो. एकाच कथेतून 'दैवाने घडले' असे सांगता येते आणि 'राजाने घडविले' असेही. ऐकणारे मूल दोन्ही वेळा रडेल; परंतु दुसऱ्या वेळी ते राजाविषयीही विचारील. गुरुजींच्या लेखनावर भावविवशतेचा आक्षेप मराठी टीकेने वेळोवेळी घेतला आहे. त्या आक्षेपातील ग्राह्यांश भाषाभ्यासकाने असा मांडावा, की नात्याची भाषा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यात समर्थ असते आणि दुसऱ्या प्रश्नापाशी ती अडखळते. अश्रू हे मेलेल्यासाठी असतात; त्यांतून मारणाऱ्याचे नाव आपोआप निघत नाही.

गुरुजी स्वतः मात्र तेथे थांबले नाहीत. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक सुरू केले. पुढील वर्षी, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, हिंदी नेत्यांचा विचार न घेता व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे घोषित केले. 'हिंदुस्थान युद्धात सामील झाला' आणि 'हिंदुस्थानास युद्धात सामील करण्यात आले' या दोन वाक्यांतील भेद त्या काळी केवळ व्याकरणाचा उरला नव्हता. त्यावरून प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. क्रियापदाचे रूप आणि राजकीय भूमिका यांचा संबंध किती निकटचा असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

५

आतापर्यंत मुले ऐकणारी होती. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे ती स्वतः घटनेच्या मध्यभागी आली. 'भारत छोडो' चळवळीस एक महिना पूर्ण झाला होता. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी काढलेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण मारले गेले. तिरंगा ध्वज धरलेल्या शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. त्यास सोळावे वर्ष पुरे व्हावयास साडेतीन महिने उरले होते. गावात त्यांचे स्मारक आहे आणि 'बालहुतात्मे' या शब्दाने त्यांचे स्मरण केले जाते.

या पाच नावांत गुजराती व मराठी दोन्ही घरे आहेत. मिरवणुकीत दिल्या गेलेल्या घोषणांपैकी सर्वांत अधिक स्मरणात राहिलेली घोषणा गुजरातीत होती. शाळेची भाषा मराठी, कित्येकांच्या घरची गुजराती आणि ध्वज सर्वांचा एक, असे हे चित्र होते. 'आपले कोण?' या प्रश्नास नंदुरबारच्या मुलांनी दिलेले उत्तर भाषेची सीमा ओलांडून गेलेले होते. खानदेशातील ज्या वातावरणाने ते घडविले, त्यात गुरुजींच्या शब्दांचाही वाटा असणे संभवते.

परंतु येथेच या परंपरेपुढील सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. गुरुजींच्या लेखनात 'आई' हा शब्द दोन कामे करतो. श्यामची आई मुलास आवरते, सांभाळते, चुकल्यावर शिक्षा करते व त्यास जगवते. देशभक्तिपर गीतांतील भारतमाता मुलास हाक मारते आणि त्याच्याकडून सर्वस्वाची अपेक्षा करते. त्या काळच्या सर्वच राष्ट्रीय वाङ्मयात ही दुसरी माता आहे. ती एकट्या गुरुजींची निर्मिती नव्हे. तथापि एकाच शब्दाने जगवणारी व मरण मागणारी अशा दोघींचा निर्देश होत असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाने त्यांतील भेद कसा ओळखावा? निःशस्त्र मुलांवर गोळ्या झाडणाऱ्या सत्तेचा अपराध या प्रश्नाने तिळमात्र कमी होत नाही. प्रश्न आहे तो मुलांशी बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या उत्तरदायित्वाचा.

'हुतात्मा' या शब्दाची घटना याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. विसाव्या शतकातील मराठीने हा शब्द रूढ केला. तो बहुव्रीही समास होय : ज्याने आपला आत्मा अर्पण केला आहे तो. म्हणजे समासाच्या विग्रहातच कर्ता ठरलेला आहे आणि तो मरणारा स्वतः आहे. प्रौढ सत्याग्रह्याच्या बाबतीत हा विग्रह सार्थ असतो. त्याने परिणाम जाणून पाऊल टाकलेले असते. त्यामागे 'बाल' हा शब्द जोडला, की विग्रह डळमळू लागतो. मुलाच्या धैर्याचा गौरव करताना हा शब्द अभावितपणे आणखी एक गोष्ट करतो : गोळी झाडणाऱ्यास तो वाक्याबाहेर घालवितो. सरकारी भाषेत 'गोळीबार झाला' आणि गौरवाच्या भाषेत 'मुले हुतात्मा झाली'. एका वाक्याचा हेतू लपविण्याचा आणि दुसऱ्याचा पूजेचा, परंतु 'कोणी?' या प्रश्नास दोन्ही वाक्यांत जागा नाही. 'पोलिसांनी मुलांवर गोळ्या झाडल्या आणि पाच जण मारले' हे साधे वाक्य या दोहोंहून अधिक सत्य सांगते. दरवर्षी सप्टेंबरात शाळाशाळांतून हा प्रसंग सांगितला जातो, तेव्हा गौरवाच्या शब्दांआधी हे वाक्य उच्चारले जावे, इतकी अपेक्षा गैरवाजवी नाही.

गुरुजी त्या काळात भूमिगत होते. १९४३ मध्ये त्यांस अटक झाली.

६

स्वातंत्र्याबरोबर आलेली फाळणी, तिच्यातील कत्तली आणि ३० जानेवारी १९४८ रोजी झालेला गांधीजींचा वध यांनी 'आपले कोण?' हा प्रश्न पुन्हा, आणि अधिक भीषण रूपात, पुढे आणला. गांधीजींना मारणारा परका नव्हता. तो मराठी बोलणारा होता. या घटनेनंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी त्यांनी मुंबईत 'साधना' साप्ताहिक सुरू केले आणि १९४९–५० मध्ये त्यात पुतणी सुधा हिला उद्देशून पत्रे लिहिली. ती पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने ग्रंथरूपात आली.

या पत्रांचा रूपबंध अमळनेरच्या हस्तलिखिताशी जोडून पाहावा. पत्र एका मुलीस लिहिलेले आहे आणि साप्ताहिकाच्या सर्व वाचकांपुढे ठेवलेले आहे. फुले, पक्षी, घरची माणसे, वाचलेली पुस्तके, देशातील व जगातील घडामोडी हे सर्व त्यांत एकाच सुरात येते. मुलाशी जगाविषयी बोलण्यासाठी वेगळा, गंभीर आवाज काढावयाचा नाही. ज्या आवाजात फुलाविषयी बोलावयाचे त्याच आवाजात जगाविषयी बोलावयाचे. पत्राच्या प्रकारात उत्तराची अपेक्षा अंतर्भूत असते. भाषणास टाळी मिळते. पत्रास प्रश्न येऊ शकतो. रणघोषणेची भाषा पत्रात सहसा टिकत नाही, कारण एका लहान मुलीकडे पाहून ती उच्चारणे कठीण असते. नंदुरबारनंतरच्या काळात गुरुजींनी मुलांशी बोलण्यासाठी हा प्रकार स्वीकारला, यामागे जाणीवपूर्वक हेतू होता किंवा काय हे सिद्ध करता येत नसले, तरी या रूपबंधात 'आई' या शब्दाचा पहिला, जगवणारा अर्थ दुसऱ्यावर मात करतो, हे खरे.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपली जीवनयात्रा संपविली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २५ जून रोजी, उत्तर कोरियाच्या सैन्याने दक्षिणेवर आक्रमण केले आणि जगातील मुलांना पुन्हा एका युद्धाविषयी ऐकावे लागले.

७

जिनीव्हाच्या जाहीरनाम्यात मदत घेणारे मूल होते. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलास स्वतःचे मत मांडण्याचा आणि माहिती मिळविण्याचा हक्क दिला गेला. पंधरा वर्षांखालील मुलांनी प्रत्यक्ष लढाईत भाग घेऊ नये, यासाठी शासनांनी उपाय करावेत, असेही त्यात आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये मान्य केली. म्हणजे मूल प्रश्न विचारील हे जागतिक करारांनी मान्य करावयास पासष्ट वर्षे लागली. अमळनेरच्या छात्रालयात ते अलिखितपणे गृहीत धरलेले होते.

आज जळगाव वा धुळे जिल्ह्यातील मुलास युक्रेन आणि गाझा ही नावे शिक्षकाने सांगावी लागत नाहीत. २०२२ व २०२३ पासून ती त्याच्या घरात चित्रांसह आलेली आहेत. मात्र त्या चित्रांखालील मराठी वाक्ये बहुधा जुन्याच साच्याची असतात : युद्ध भडकले, हल्ला झाला, मुले दगावली. साचा इतका अंगवळणी पडला आहे, की युद्धाच्या विरोधात बोलणारेही तोच वापरतात.

खानदेशातील या पाव शतकाच्या परंपरेने मागे ठेवलेला वारसा संमिश्र आहे. परक्यास स्वजन म्हणावयास शिकविणारी भाषा तिने मराठीस दिली. हे तिचे मोठे ऋण होय. त्याच भाषेतील मातृप्रतिमेने मुलांना वयाआधी रणाच्या कडेवर आणले, हीदेखील तिचीच बाजू आहे, आणि गुरुजींविषयीच्या आदरापोटी ती झाकण्याचे कारण नाही. या परंपरेचा अभ्यास करणाऱ्याने व तिच्या मार्गाने मुलांशी बोलणाऱ्याने दोन गोष्टी तपासाव्यात. 'आपण' म्हणताना त्यात कोणास घेतले आणि कोणास वगळले, ही पहिली. वाक्यात करणाऱ्याची जागा भरलेली आहे किंवा रिकामी, ही दुसरी. या दोन कसोट्यांस उतरलेले वाक्य कितीही साधे असले, तरी मुलास सांगण्यास योग्य असते. त्यांस न उतरलेले वाक्य कितीही उदात्त असले, तरी ते बोलण्यापूर्वी क्षणभर थांबावे.